तारा लपवायच्या नाहीत, लावायच्या

कवीला माइकसमोर बसवलं की तो कवितेवर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. पण आज मी बोलणार आहे ट्रकच्या बॉनेटखालच्या पसाऱ्याबद्दल, आणि तो पसारा आवरायचा कसा याबद्दल. माझी डिग्री बी. ए.ची, तीही मराठी घेऊन. मग इंजिनावर बोलायचा याचा अधिकार काय, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच की मी मिस्त्रीचा मुलगा आहे. कराडजवळ हायवेला लागून आमच्या अब्बांचं गॅरेज होतं. मी वाचायला शिकलो ते ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं लावत.

आणि दुसरं कारण माझा भाचा. माझ्या थोरल्या बहिणीचा हा मुलगा साताऱ्यात वाढला, पुण्यात इंजिनिअर झाला आणि आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात मी दीड महिना त्याच्याकडे होतो. पहिल्याच सकाळी त्यानं मला गॅरेजमध्ये नेलं आणि म्हणाला, "मामू, ओळखा पाहू." समोर एक गोल गालांची, जाळीच्या आडव्या पट्ट्यांची जुनी गाडी उभी होती. पुढे इंजिन, मध्ये केबिन, मागे लहानसा हौदा. तिकडे अशा पिकअपलाही ट्रकच म्हणतात. १९५१ सालचा शेवरोले होता तो. मी ओळखला, कारण त्याच घराण्यातल्या ट्रकांच्या गोष्टी ऐकत मी लहानाचा मोठा झालो.

जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. परदेशातून सुटे भाग येत आणि इथं गाड्या, ट्रक, बस जोडल्या जात. १९५४ साली तो बंद झाला. पण त्या गाड्या आपल्या रस्त्यांवर त्यानंतरही कित्येक वर्षं धावत होत्या. अब्बा बाराव्या वर्षी एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले, ते हात काळे करायला शिकले शेवरलेटवरच. होय, ते 'शेवरलेट' म्हणत, शेवटच्या 'ट'सकट. नातवानं हा ट्रक का घेतला, हे मी त्याला विचारलं नाही.

तर या ट्रकचा तो 'हॉट रॉड' करत होता. हा शब्द पुष्कळांना नवा असेल. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या, स्वस्तातल्या फोर्ड गाड्या घेत. मडगार्ड काढ, छप्पर काढ, वजन कमी कर आणि इंजिनाला जोर आण, असा उद्योग. मग मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळांवर त्या पळवायच्या. फोर्डनं १९३२ साली सामान्यांना परवडणारं आठ सिलिंडरचं 'व्ही-एट' इंजिन काढलं, तेव्हा या पोरांच्या हाती खजिनाच आला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, यंत्रावर हात बसलेल्या तरुणांनी हा नाद देशभर नेला. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. पुढे प्रदर्शनं भरू लागली. ओकलंडला सुरू झालेलं त्यातलं एक मोठं प्रदर्शन आता पोमोनाला भरतं. तिथं गाड्या बॉनेट उघडून ठेवतात आणि लोक आत वाकून पाहतात. तेव्हापासून बाहेरच्या रंगाइतकंच आतल्या टापटिपीलाही मोल आलं.

भाच्याच्या ट्रकचं मूळ इंजिन साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं होतं. ते काढून त्यानं शेवरोलेचंच ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. ट्रक चालत होता. पण बॉनेट उघडलं की बघवत नव्हतं. जुन्या कापडी वेष्टनाच्या तारा हात लावला तरी चुरा होत होत्या. त्यांच्यावरून नव्या तारा गेलेल्या, त्यांना ठिकठिकाणी काळी टेप. पेट्रोलची रबरी नळी भलतीकडून आलेली. आणि मधल्या पत्र्याला चाळणीसारखी भोकं.

भाच्याचा बेत असा की मधला पत्रा आरशासारखा गुळगुळीत करायचा आणि एकही तार दिसता कामा नये. "मामू, बॉनेट उघडलं की फक्त इंजिन दिसलं पाहिजे. बाकी सगळं गायब." तो उत्साहानं सांगत होता आणि माझ्या पोटात खड्डा पडला. का, ते पुढे सांगतो. आधी काम कसं चालतं ते ऐका.

पहिलं काम पत्र्याचं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या या पत्र्याला 'फायरवॉल' म्हणतात. नावातच त्याचं काम आहे: पुढे आग लागली तर ती माणसांपर्यंत पोचायला वेळ लागला पाहिजे. जुन्या गाडीत या पत्र्याला हीटरचं, तारांचं, नळ्यांचं, शिवाय आधीच्या मालकांनी पाडलेलं अशी डझनभर भोकं असतात. त्यातली नको ती बुजवायची. भोकाच्या मापाचा पत्रा कापून वेल्डिंग करायचं. पण सलग नाही. एक ठिपका इथं, दुसरा समोरच्या बाजूला, मग थांबायचं, पत्रा निवू द्यायचा. घाई केली तर उष्णतेनं पत्रा फुगतो आणि मग कितीही लांबी भरा, लाट दिसतेच. भाच्यानं या कामाला दोन शनिवार-रविवार लावले. भोक बुजवणं हे नुसतं शोभेचं काम नव्हे. उघडं भोक म्हणजे धूर, उष्णता आणि पेट्रोलचा वास केबिनमध्ये यायची वाट.

दुसरं काम निवडीचं. प्रत्येक तार हातात धरून विचारायचं, तू कुठून आलीस आणि कुठं चाललीस? उत्तर मिळालं नाही तर ती काढायची. जुना ट्रक सहा व्होल्टवर चालणारा होता, नवं इंजिन बारा व्होल्टचं. तेवढाच दिवा पेटवायला सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून जुन्या तारा जाड. त्यांचा आता उपयोग नव्हता. सगळं काढून कागदावर यादी केली तेव्हा लक्षात आलं की कार्बोरेटरवर चालणाऱ्या इंजिनाला तारा लागतात तरी किती? स्टार्टरच्या, अल्टरनेटरची, डिस्ट्रिब्युटरची, ऑइलचा दाब आणि पाण्याची उष्णता दाखवणाऱ्या काट्यांच्या. मग रेडिएटरचा पंखा, हॉर्न आणि दिवे. एवढ्यांसाठी ते जंगल माजलं होतं. पसारा गरजेनं वाढत नाही, तो आधीचं न काढता नवं घातल्यानं वाढतो. माझ्या कवितेच्या वह्यांकडे पाहिलं की मला हे आणखी पटतं.

तिसरं काम वाट ठरवण्याचं. इथं माझ्या पोटातल्या खड्ड्याची गोष्ट सांगायला हवी.

१९८४ सालची दिवाळीची सुट्टी. मी आठवीनववीत होतो. गॅरेजमध्ये एक नाकाडाचा ट्रक आला होता. अब्बांनी वायरिंगचं काम पुरं केलं आणि मला म्हणाले, "बेटा, एवढं आवरून टाक." मी आवरलं. सगळ्या तारा एकत्र घेतल्या, त्यांना काळी टेप गुंडाळली, सुतळीनं बांधून तो जुडगा इंजिनाच्या मागं असा सारला की कुणाला दिसू नये. अब्बांनी वरून पाहिलं, "छान" म्हणाले. ड्रायव्हर ट्रक घेऊन चक्कर मारायला गेला. अर्ध्या तासानं परतला तो बॉनेटमधून धूर घेऊनच. मी जिथं जुडगा सारला होता, तिथून बोटभर अंतरावर सायलेन्सरकडे जाणारा लोखंडी मॅनिफोल्ड होता. तारांचं वेष्टन वितळलं, तांबं लोखंडाला टेकलं, बॅटरीच्या तारेला वाटेत फ्यूज नव्हता. अब्बांनी बॉनेट उचललं आणि उघड्या हातानं बॅटरीची तार ओढून काढली. ट्रक वाचला. अब्बांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी सोलली गेली. ती बोटं पुढे कधी पुरती मिटली नाहीत.

ते मला रागावले नाहीत. पट्टी बांधून घेताना एवढंच म्हणाले, "तू तारा लपवल्यास, लावल्या नाहीस."

पुढे मी कॉलेजला गेलो, कवी झालो. मुशायऱ्यांत, संमेलनांत हिंडलो, पण गॅरेजमध्ये पुन्हा पाना हातात घेतला नाही. लोक म्हणत, पोराला पुस्तकांची गोडी. खरं कारण ती दोन बोटं होती.

ही गोष्ट मी भाच्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. त्याच्या आईलाही पुरती ठाऊक नव्हती. तो गप्प झाला. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात, आयुष्यभर गाड्या बांधलेले. ते तिथंच खुर्ची टाकून बसले होते. भाच्यानं त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, प्रत्येक तार लावताना एक प्रश्न विचारायचा: ही तार रात्री, पावसात, तोंडात टॉर्च धरून सापडेल का? सापडणार नसेल तर ते काम नीटनेटकं नाही, नुसतं देखणं आहे.

त्यानंतर बेत बदलला. 'एकही तार दिसता कामा नये' याऐवजी 'प्रत्येक तार आपल्या जागी दिसली पाहिजे' असं ठरलं. आणि मामूंना काम मिळालं, तारा धरायचं.

वाट ठरवायचे काही साधे नियम मी तिथं शिकलो. ते तुमच्या जीपला, ट्रॅक्टरलाही लागू पडतात. पहिला नियम उष्णतेचा. साध्या प्लास्टिक वेष्टनाची तार ऐंशी-पंच्याऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनचं वेष्टन असलेली तार सव्वाशे अंशांपर्यंत टिकते. इंजिनाजवळ ही दुसरीच वापरावी. पण धुराड्याचे नळ कित्येकशे अंशांपर्यंत तापतात, तिथं कुठलंच प्लास्टिक टिकत नाही. त्यांच्यापासून लांब राहणं हाच उपाय.

दुसरा नियम धारेचा. तार पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी, हवीच. इंजिन हादरत असतं. पत्र्याची कड सुरीसारखी दिवसेंदिवस वेष्टन कापत राहते आणि वर्षानं एके दिवशी ठिणगी पडते. तिसरा नियम सैलपणाचा. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं असतं. वेग दिला की ते अंग वळवतं. चासीवरून इंजिनाकडे जाणारी तार तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली तर दिसते छान, पण सांध्यातून तुटते. तिला थोडी ढील द्यायची आणि बाकी वाटेवर वीतभर अंतरावर रबरी अस्तराच्या पट्टीनं धरायचं. चौथा नियम फ्यूजचा. तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूज पुढच्या तारेला राखतो, मागच्या नव्हे. स्टार्टरच्या जाड तारेला सहसा फ्यूज नसतो, म्हणून तिची वाट सर्वांत जपून आखायची. हे ऐकताना मला मधूनमधून अब्बांची बोटं दिसत होती.

पाचवा नियम अर्थिंगचा, आणि तो नव्यानं रंगवलेल्या गाडीत हटकून चकवतो. गाडीत करंट परत जातो तो लोखंडातूनच. इंजिनापासून चासीला, चासीपासून केबिनला जाड पट्ट्या जोडाव्या लागतात. पण रंग वीज जाऊ देत नाही. भाच्यानं चासी इतकी सुंदर रंगवली होती की बोल्ट कसूनही दिवे मिणमिणत होते. शेवटी बोल्टखाली रुपयाएवढ्या जागेतला रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागलं. खरवडताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण दिवे लख्ख लागले.

आणि आता एक गंमत. आठ सिलिंडर म्हणजे प्लगच्या तारा आठ. मला वाटलं, या तरी वेणीसारख्या एकत्र बांधू, शोभतील. शेजारच्या आजोबांनी माझा हात धरला. त्या इंजिनात एका बाजूला १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८ असे सिलिंडर असतात. ठिणगी पडायचा क्रम आहे १-८-४-३-६-५-७-२. हा पाठ करू नका, फक्त एवढं पाहा की पाचानंतर लगेच सातचा नंबर येतो आणि हे दोघे शेजारीही आहेत. प्लगच्या तारेतून हजारो व्होल्टचा झटका जातो. पाच आणि सातच्या तारा लांबवर अगदी चिकटून समांतर नेल्या तर पाचचा झटका सातच्या तारेत उतरू शकतो. तेव्हा सातव्या सिलिंडरमधलं मिश्रण अजून दाबलं जात असतं. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन ठोकतं, आणि हे चालू राहिलं तर पिस्टन जायची वेळ येते. म्हणून त्या दोन तारांत मुद्दाम अंतर ठेवतात. एकमेकींवरून जायचंच असेल तर काटकोनात जातात. म्हणजे तारांची सर्वांत देखणी जुडी इथं चुकीची ठरते. शेजाऱ्यांतही थोडं अंतर लागतं, नाहीतर एकाचा राग दुसऱ्याच्या घरात निघतो.

पेट्रोलच्या नळीबद्दल थोडक्यात. ती शक्य तितकी पोलादी असावी. रबर फक्त चासी आणि इंजिन यांच्यामधल्या हालत्या जागी, तेही आखूड. तारांच्या जुडग्याबरोबर तिला कधीही बांधू नये. गळती आणि ठिणगी यांची भेट घडवायची नाही.

चार आठवडे शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळचे दोन तास असं काम चाललं. नंतर बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन दिसत होतं, मागं निळसर गुळगुळीत पत्रा दिसत होता आणि डाव्या कडेनं ओळीत जाणाऱ्या तारा दिसत होत्या. ऑइल पाहायची पट्टी, प्लग, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, सगळीकडे हात सरळ पोचत होता. प्रदर्शनात याहून चकचकीत गाड्या शेकड्यांनी असतील. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

माझं शेवटचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आकड्याची पट्टी लावली आणि त्या आकड्यांची यादी कागदावर लिहून काढली. मराठीत. 'चार: डावा दिवा, मोठा. पाच: उजवा दिवा, मोठा. नऊ: पाण्याचा काटा.' कोणती कुठून निघते, कुठं पोचते, वाटेत कोणता फ्यूज, सगळं. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणाला आतून चिकटवला. भाचा हसला, "मामू, इथला मिस्त्री कसा वाचणार?" मी म्हटलं, "मिस्त्रीसाठी नाही, तुझ्यासाठी आहे."

पहिल्यांदा ट्रक बाहेर काढला तेव्हा अर्धा तास चालवून परतलो. तो उतरून बॉनेटकडे गेला. पण उघडायच्या आधी मी त्याला थांबवलं आणि स्वतः उघडलं. धूर नव्हता. मी हाताची पाठ तारांजवळ नेली. गरम हवा लागली, पण वेष्टन घट्ट होतं. मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. भाच्यानं काही विचारलं नाही. सीटमागं त्यानं आग विझवायचं नळकांडं बसवलं होतं, ते तेवढं त्यानं मला दाखवलं.

मी परत आलो. सहा-सात महिन्यांनी एकदा सकाळी त्याचा फोन आला. तिकडे रात्र होती. वाळवंटातल्या रस्त्यानं येताना पुढचा एक दिवा गेला होता. तो म्हणाला, "मामू, गाडी कडेला घेतली, खण उघडला, यादी वाचली. पाच नंबरची तार, कनेक्टर सैल झाला होता. दहा मिनिटांत काम झालं. टॉर्च खरंच तोंडात धरला होता."

मी म्हटलं, "अल्लाचे आभार. पाऊस होता का?"

"नाही, पाऊस नव्हता," तो म्हणाला. "पण मामू, तुमचं अक्षर फार वाईट आहे. पाचाचा आकडा मी आधी चार वाचला."

पुढच्या वेळी गेलो की ती यादी मी ठळक अक्षरांत पुन्हा लिहून देणार आहे. आणि तुमच्याकडे जीप असो, ट्रॅक्टर असो नाहीतर जुनी मोटार, येत्या रविवारी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि एकच पाहा: तापणाऱ्या लोखंडाच्या बोटभर अंतरावर एखादी तार कुणी छान लपवून ठेवलेली नाही ना?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)